कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील जनरेटर वर्कशॉप : जुन्या मोटरहोमच्या मालकाचा अभिप्राय

या वर्कशॉपमध्ये मुख्यतः शेतीपंपांची इंजिने, मंगल कार्यालयांचे डिझेल जनरेटर आणि फाउंड्रीतील मोटारी दुरुस्तीला येतात. १९७० च्या दशकातील अमेरिकन मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, बसवलेला पेट्रोल जनरेटर तेथे न्यावा की नाही, यावर त्यामुळे आमच्या घरात बरीच चर्चा झाली होती. काम होऊन एक पावसाळा उलटल्यावर, आणि यंत्र पूर्ण भाराखाली नीट चालते आहे याची खात्री झाल्यावरच, मी हा अभिप्राय लिहीत आहे.

आमची गाडी डॉजच्या चासीवरची आहे आणि तिच्यातील जनरेटर ओनानचा सीसीके हा आहे. ओनान ही मिनियापोलिस येथे १९२० साली सुरू झालेली आणि पुढे कमिन्सकडे गेलेली कंपनी. समोरासमोर बसवलेले दोन सिलिंडर, हवेने थंड होणारे इंजिन, चार किलोवॉटची क्षमता आणि स्वतंत्र स्टार्टरचा अभाव ही या यंत्राची वैशिष्ट्ये आहेत. सुरू करताना बॅटरीचा प्रवाह थेट जनरेटरच्याच गुंडाळीत जातो आणि तोच क्षणभर मोटार होऊन इंजिन फिरवतो. ही रचना ठाऊक नसलेला माणूस स्टार्टर शोधत बसतो, आणि आम्ही पूर्वी ज्यांच्याकडे गेलो होतो तेथे नेमके तेच झाले होते.

त्याहून मोठे नुकसान मात्र वेगाच्या बाबतीत झाले होते. गाडीतील एसी, फ्रिज आणि चार्जर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ या अमेरिकन मापाचे आहेत आणि चार ध्रुवांच्या या जनरेटरला त्यासाठी मिनिटाला १८०० फेरे लागतात. आधीच्या ठिकाणी, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते या सवयीने, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग स्थिर राखणारा भाग, उतरवून वेग १५०० वर आणून ठेवला होता. वेग उतरला की व्होल्टेजही उतरते आणि एसीचा कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढून तापतो. तो वारंवार बंद पडत होता आणि दोष एसीला दिला जात होता.

येथील मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी जनरेटरची पाटी फडक्याने पुसून काढली आणि तिच्यावरचा प्रत्येक आकडा वहीत उतरवून घेतला. “साहेब, पाटी वाचल्याशिवाय परक्या मशीनला हात लावायचा न्हाई,” एवढेच ते म्हणाले. मला या वर्कशॉपविषयी विश्वास वाटला तो येथून.

बॅटरी नवी असूनही इंजिन जड फिरत होते. कव्हर काढल्यावर कम्युटेटरच्या, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याच्या, पट्ट्यांमधील फटी कार्बनच्या भुकटीने भरलेल्या दिसल्या. त्यावर टेकून प्रवाह नेणारे कार्बनचे ब्रश झिजून आखूड झाले होते आणि त्यातला एक होल्डरमध्ये अडकून बसला होता. कम्युटेटर लेथवर अगदी हलका साफ करून पट्ट्यांमधला अभ्रक खाली घेतला गेला. मूळ ब्रश मिळाले नाहीत, तेव्हा त्याच प्रतीचे मोठे कार्बन ब्रश आणून ते मापात घासून बसवले. शेजारच्या गल्लीतून स्प्रिंग करून आणणे, फाउंड्रीला लागून लेथ असणे, भाग मिळत नसेल तर तो घडवणे, ही उद्यमनगरची जुनी ताकद आहे. जुन्या यंत्राला तिचा किती उपयोग होतो, हे येथे प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

गुंडाळी बाहेर काढल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने तिचे इन्सुलेशन तपासले. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत ओल धरतेच, आणि पहिले रीडिंग समाधानकारक नव्हते. रिवाइंडिंगचा, म्हणजे तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च सुचवणे सोपे होते. त्यांनी मात्र गुंडाळी सौम्य उष्णतेत वाळवली, पुन्हा मोजली आणि रीडिंग चांगले आल्यावर वॉर्निश देऊन तीच परत बसवली. यात माझे मोठे पैसे वाचले, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे.

पेट्रोलच्या बाजूला कार्ब्युरेटरचा जेट चिकट थराने अर्धा बुजला होता आणि रबरी नळ्या मऊ पडल्या होत्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉल हा घरचा विषय असला तरी जुन्या गाडीच्या मालकाने नळ्या बदलून घ्याव्यात हेच बरे. त्यांनी इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या टाकल्या आणि पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नये असे बजावले.

मला सर्वांत आवडली ती भाराची चाचणी. १२० व्होल्टचा भार कोल्हापुरात आणायचा कुठून, या प्रश्नावर त्यांनी पाण्याच्या पिंपात २००० वॉटच्या सहा हीटर कॉइल समांतर जोडून सोडल्या. २३० व्होल्टची अशी कॉइल १२० व्होल्टवर जेमतेम साडेपाचशे वॉट घेते. म्हणजे सहा मिळून सव्वातीन किलोवॉट झाले. एकेक कॉइल जोडत त्यांनी फ्रिक्वेन्सी मीटरकडे पाहून गव्हर्नर लावला, रिकाम्या यंत्राला ६२ हर्ट्झच्या आसपास आणि भाराखाली ६० च्या जवळ. पाणी कढत होईपर्यंत यंत्र चालू ठेवले आणि मगच बिल केले.

सायलेन्सरच्या सांध्यातील गळतीही त्यांनी काढली आणि धुराचा पाइप गाडीच्या कडेच्या बाहेर येईल इतका लांबवला. झोपण्याच्या जागेखाली चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हे काम ऐच्छिक नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. त्यामुळे गाडीत त्याचा अलार्म बसवावा, हा त्यांचा सल्ला मी लगेच मानला. हवा वळवणारे पत्रे आधीच्या मंडळींनी अर्धवटच बसवले होते, तेही नीट बसले. त्यांच्याविना हवेवर थंड होणारे इंजिन बंदिस्त कप्प्यात भाजून निघते.

उणिवा दोन आहेत. कबूल केलेली तारीख पाळली गेली नाही आणि उशीर होणार हे मला विचारल्यावरच समजले. बिलावर सुटे भाग आणि मजुरी मिळून एकच आकडा होता. तपशील मागितल्यावर तो वहीतून वाचून दाखवला गेला, पण लेखी मिळाला असता तर पुढच्या देखभालीची नोंद ठेवता आली असती. दर मात्र वाजवी आहेत आणि कामाआधी सांगितलेला अंदाज फारसा बदलला नाही.

ज्यांना येथे गाडी न्यायची आहे त्यांनी आधी फोन करावा, कारण गल्ली अरुंद आहे आणि लांब गाडी सकाळी लवकरच आत घेता येते. वायरिंगचा नकाशा असेल तर सोबत न्यावा. टाकीत निम्म्याहून अधिक पेट्रोल असू द्यावे, कारण अशा बऱ्याच मोटरहोममध्ये जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही आणि पाव टाकी उरली की तो मुद्दाम बंद पडतो, म्हणजे गाडी घरी नेण्यापुरते पेट्रोल शिल्लक राहते. दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोन तास यंत्र चालवण्यास त्यांनी सांगितले आहे. महाबळेश्वरला जाणार असाल तर दर ३०० मीटर उंचीमागे साधारण तीन-साडेतीन टक्के शक्ती कमी होते हे धरून एसी आणि हीटर एकाच वेळी लावू नयेत.