वर्गणी वसूल, पावती बाकी: अभिलेखपालांच्या संघटनेचं सभासदत्व

मी फोर्टमधल्या एका निमसरकारी कार्यालयात रेकॉर्ड कीपर आहे. कागदोपत्री पदनाम अभिलेखपाल, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'रेकॉर्डवाल्या मॅडम'. जिन्याखालच्या दारातून आत शिरलं की माझं राज्य सुरू होतं. अडतीस रॅक, दोन चालणारे पंखे, एक न चालणारा, आणि जूनपासून भिंतीवर चढत जाणारी ओल. तीन वर्षांपूर्वी मी आमच्या पेशाच्या एका संघटनेची सभासद झाले. वर्गणी वर्षाला 1,200 रुपये. संघटनेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही करणार आहे आणि चिटणीस महिन्यातून एकदा तरी काळा घोड्याला समोर येतातच.

पहिल्या वर्षी पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. एक ओळखपत्र आलं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं. तीन महिन्यांनी एक पत्रिका आली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला गुलाबाची फुलं आणि सुविचार. नवरा म्हणाला, यापेक्षा भिशी लावली असतीस तर बरं.

एक गोष्ट मात्र त्याच वर्षी पदरात पडली. 9 जूनला आंतरराष्ट्रीय अभिलेखागार दिन असतो (1948 साली याच तारखेला पॅरिसमध्ये अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली). त्या आठवड्यात संघटनेने सभासदांना एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात नेलं. मी रोज त्या इमारतीवरून जाते, पण 1821 साली सुरू झालेलं सरकारी दप्तर आत आहे, सुरतेच्या वखारीचे सतराव्या शतकातले कागद तिथे आहेत, हे माझ्या गावीही नव्हतं. तिथे एकांनी फाटलेलं पान पातळ जपानी कागदाने आणि खळीने कसं जोडतात ते दाखवलं. मी खाली मान घालून उभी होते. आमच्याकडे पंधरा वर्षं सेलोटेप लावत होतो. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि ओढून काढायला जावं तर अक्षरंही सोबत निघतात. दुसऱ्या दिवशी मी टेबलाच्या खणातली सहा रिळं पोस्टाच्या टपालवाल्याला देऊन टाकली.

खरा अनुभव दुसऱ्या वर्षीचा.

आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचा आदेश निघाला, मे अखेर तळमजला रिकामा करा म्हणून. जागा नाही म्हटल्यावर निंदणीकरण ओघाने आलंच. बाहेरच्यांसाठी सांगते: शेतातलं तण काढतात ती निंदणी, आणि कार्यालयातले मुदत संपलेले कागद निवडून काढून टाकतात ते निंदणीकरण. शब्द छान आहे, पण तण कुठलं आणि पीक कुठलं हे ओळखणारा माणूस लागतो. 'अ' वर्ग कायम ठेवायचा, 'ड' वर्ग वर्षभरात निकाली, मधल्यांच्या मुदती वेगवेगळ्या. आमच्याकडे मुलांची एक टोळी आली आणि त्यांनी चार दिवसांत भिंतीलगतच्या सगळ्या गठ्ठ्यांवर 'ड' मारून टाकला. त्यातला एक गठ्ठा मी सहज सोडला तर आत भाडेपट्ट्यांची जुनी नोंदवही, समासात मोडीतले शेरे. ज्या जागांवरून आज कोर्टात वाद चालू आहेत, त्याच जागांची.

मी टिपणी सादर केली. ती परत आली, खाली शेरा: 'चर्चा करावी'. सरकारी नोकरी केलेल्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. चर्चेत साहेब म्हणाले, "अहो मॅडम, स्कॅन करून टाका ना, मग रद्दीत गेलं तर काय बिघडलं?" स्कॅनर कुठे आहे, माणसं कुठे आहेत, हे विचारायच्या आत फोन वाजला.

आता मी काय करणार? पेपरात लिहिलं तर वर्तणूक नियमांचा भंग. वरच्या कार्यालयाला परस्पर कळवलं तर 'योग्य मार्गाने का नाही' म्हणून मेमो. अभिलेखपालाची गंमतच आहे, कागद कुठे चुकतोय हे त्याला सगळ्यात आधी कळतं आणि बोलायची परवानगी त्याला सगळ्यात शेवटी.

रात्री डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या चिटणिसांना फोन केला. ते एका बँकेच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, तुम्ही एक ओळ लिहू नका. तुमचं नाव कुठे येणार नाही."

सहा दिवसांनी आमच्या आवकमध्ये पत्र पडलं, प्रत पुराभिलेख संचालनालयाला. दोन पानं. त्यात 'वारसा' नाही, 'इतिहास' नाही, शिवरायांचं नाव नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा संदर्भ देऊन तीन प्रश्न: आपल्या कार्यालयात नामनिर्देशित अभिलेख अधिकारी कोण, नष्ट करायच्या याद्या कोणी मंजूर केल्या, आणि वर्गवारी कोणत्या परिशिष्टाप्रमाणे केली. खाली आठवण करून दिलेली की बेकायदा अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. शेवटी माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(क), म्हणजे अभिलेखांची सूची ठेवणं हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य. मी ते पत्र नोंदवलं, क्रमांक टाकला आणि चेहरा शक्य तितका कोरा ठेवून वर पाठवलं.

अकरा दिवसांत शिक्के मारणं थांबलं. याद्या करायचं काम कोणाकडे आलं हे सांगायला नकोच. दोनशे चौदा गठ्ठ्यांपैकी एकशे नव्वद परत रॅकवर चढले. चोवीस गठ्ठे त्याआधीच टेम्पोतून गेले होते. त्यात काय होतं याची यादी नाही, आणि मला अजून मधूनच त्यांची आठवण येते.

त्यानंतर मी वर्गणीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तिसऱ्या वर्षी रिक्त पदांच्या निवेदनासाठी शिष्टमंडळ मंत्रालयात गेलं, त्यात मीही होते, रजा टाकून. अधिकाऱ्यांनी चहा सांगितला आणि पहिला प्रश्न केला, "तुमचे सभासद किती?" आकडा ऐकून त्यांचं पेन खाली गेलं. 21 जून 2012 च्या आगीत याच मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, फायली गेल्या, नंतर किती दिवस सगळे नस्त्या पुन्हा उभ्या करत होते. तेव्हा रेकॉर्डची किंमत सर्वांना कळली होती. ती आठवण टिकवायला मागे माणसं लागतात, आणि आम्ही मोजकेच.

पत्रिकेत एकदा ऑस्ट्रेलियाबद्दल वाचलं होतं. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या जुन्या ध्वनिफिती आणि चित्रफिती खराब होत चालल्या होत्या, चौकशी अहवालाने तसं सांगितलंही, पण पैसे सुटेनात. इतिहासकार आणि 1975 पासूनची तिथली अभिलेखपालांची संघटना, सगळ्यांनी आवाज उठवला आणि 2021 साली सरकारने 6 कोटी 77 लाख डॉलर जाहीर केले. वाचून आमच्या न चालणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

आता तक्रारी. बैठका बुधवारी दुपारी चारला, म्हणजे निवृत्तांच्या सोयीच्या. ई-ऑफिसमधल्या फायली दहा वर्षांनी कशा उघडायच्या, यावर तीन वर्षांत एक कार्यशाळा नाही. मोडीचे वर्ग मात्र तीनदा झाले. कंत्राटी रेकॉर्ड कीपरना सभासद करून घेतात, वर्गणी पूर्ण घेतात, पण मताचा हक्क नाही. आज निम्मं काम तीच मुलं करतात, त्यामुळे हे मला अजिबात पटत नाही आणि सर्वसाधारण सभेत मी तसं बोलले. मागे असा ठराव झाला होता का म्हणून विचारलं, तर नव्वदच्या दशकातलं इतिवृत्ताचं पुस्तकच सापडेना. अभिलेखपालांच्या संघटनेचं! दहा मिनिटं सभागृह हसत होतं, चिटणीस सोडून.

पाचपैकी साडेतीन तारे. खाजगी कंपनीत असाल आणि फक्त प्रशिक्षण हवं असेल तर थांबा, त्यासाठी दुसरीकडे बरे वर्ग मिळतात. सरकारी-निमसरकारी रेकॉर्ड रूममध्ये एकटे बसत असाल तर भरा. या एप्रिलमध्ये मी माझी भरली, शेजारच्या कार्यालयातल्या दोघांकडूनही भरून घेतली. इतिवृत्ताचं पुस्तक शोधायला रविवारी चिटणिसांच्या माळ्यावर चढायचं ठरलंय. पावती अजून आलेली नाही.