मापानं शिवून घेतलेलं शूटिंग जॅकेट: पैसे वसूल, पण बाही नीट बघून घ्या

दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी लिहितेय. सुरुवातीला रायफल क्लबची चालते. स्वतःची इम्पोर्टेड घ्यायची तर दोन-अडीच लाखांची बात आहे, ती घाई कुणी करू नये. जॅकेटचं तसं नाही. त्याचं काम ताठ राहून पाठीला आधार द्यायचं. क्लबच्या खुंटीवरचं जॅकेट दहा जणांच्या अंगाला लागून मऊ पडलेलं असतं आणि मऊ जॅकेट घातलं काय, न घातलं काय, सारखंच.

उभं राहून नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि पाठ मागं झुकवून रायफलचा भार तोलतात. नियमानं रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट. समोरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यापेक्षाही बारीक. लेक नववीत आहे, तिची कंबर विसाव्या शॉटला बोलायला लागायची. कोच मॅडमनी सांगितलं, "आधी जॅकेट करून घ्या, मग बाकीचं बोलू."

कॅनव्हास-लेदरचं जॅकेट आणि पँट आम्ही देशातच ऑनलाइन मापं पाठवून शिवून घेतली. दोन्ही मिळून पंचवीस हजारांच्या आत बसलं. बाहेरच्या कंपन्यांचं घेतलं असतं तर याच्या दुपटीनंही भागलं नसतं. मापं घेताना शिवणाऱ्यानं नुसती छाती-कंबर नाही, तर पोझिशनमध्ये उभं राहून बाजूनं काढलेले फोटोही मागवले. तेव्हाच वाटलं, माणसाला कामातलं कळतंय.

शिलाई पक्की. खांद्यावरचा रबराचा खडबडीत तुकडा बटप्लेटला, म्हणजे रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाला, घट्ट धरतो, घामानंही सरकत नाही. पाठीचा भाग पहिल्या दिवशी वाळत घातलेल्या चामड्यासारखा ताठ होता. पोरगी वैतागली, पण तो ताठपणाच आपण विकत घेतलेला असतो. आता पूर्ण मॅच मारून उतरली तरी कंबर धरून बसत नाही.

तक्रार बाहीची. डावी बाही बोटभर लांब आली आणि कोपराच्या आत चुण्या पडल्या. कोपर टेकवलं की चुणीवर नाडीचा ठोका जाणवतो, नि फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, त्या ठोक्यावर नाचते. परत पाठवल्यावर दुरुस्त करून दिलं, वाद घातला नाही. मात्र जाता-येता कुरिअर आमच्याच खिशातून, आणि तेवढ्यात शालेय स्पर्धेची एक फेरी उसन्या जॅकेटवर काढावी लागली. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं.

नियमांच्या बाबतीत चोख. कापडाची जाडी एकेरी मोजली तर अडीच मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. क्लबमध्ये गेजनं तपासलं, बसलं. बटणं लावायच्या जागेच्या पुढं ७० मिलिमीटर तरी कड एकावर एक यायला पाहिजे, म्हणजे आवळून घालायची सोय नाही. वाढत्या मुलांचं जॅकेट पहिल्यांदा इथंच नापास होतं, म्हणून बटणं सरकवायला जागा सोडून घ्या.

आता एक सांगते, कारण आमच्या कोल्हापुरात जॅकेट घेतलं की मेडल आलं असं समजणारे पालक पैशाला पासरी. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे बघा. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत, कैरोला, चौथा. पुढच्या वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत फायनलला आघाडीवर असताना उभ्यानं मारलेला एक शॉट ७.६ गुणांवर गेला, परत चौथा. अंगावर जॅकेट होतंच की! मग २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीत ५९० मारून सातवा आला आणि फायनलला ४५१.४ वर ब्राँझ. त्याच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर आणि झोपून मारून झालं की उभ्यानं शेवटी असतं, आणि तिथंच भलेभले ढासळतात. आमच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये झोपून मारायच्या प्रकारात जागतिक सुवर्ण आणलं, तेव्हा असल्या किटची आणि रेंजची काय परवड होती ते इथल्या जुन्या शूटर्सना विचारा. पाठीला आधार जॅकेट देईल, ७.६ नंतरचा पुढचा शॉट नाही.

पँटबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ठीक आहे. चेन जरा हलकी वाटते.

पावसाळ्याचं मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या ओलीत लेदरला बुरशी धरायला आठवडा पुरतो. किट बॅगेत दाबून ठेवू नका, रुंद हँगरला पंख्याखाली लटकवा, आणि घडी तर घालूच नका. घडी पडली तिथं ताठपणा मोडतो, तो पुन्हा येत नाही. पाचपैकी चार देते. एक बाहीसाठी आणि कुरिअरसाठी कापला. ऑर्डर द्यायची असेल तर स्पर्धांचा हंगाम सुरू व्हायच्या बऱ्याच आधी द्या, आणि दुरुस्तीचं कुरिअर कोण भरणार हे व्हॉट्सॲपवर लिहूनच घ्या.