स्पर्म डोनर: बँकेतला, ओळखीतला की नेटवर भेटलेला?

डोनर शोधायला बसलं की सगळे आधी प्रोफाइलच उघडतात, उंची किती, केस कसे, शिकलाय काय, आम्हीपण तेच केलं, नवरा तर चक्क एक्सेल शीट करून बसला होता. मग वकीलबाईंनी दोनच प्रश्न विचारले, मूल मोठं झाल्यावर त्याला ह्या माणसाचं नाव कळणार का आणि कागदावर बाप कोण लागणार. आमच्याकडे दोन्हीची उत्तरं नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक पर्याय ह्या दोन प्रश्नांवरच तोलते, उंची-बिंची मागाहून.

पर्याय मोजके आहेत. बँकेतला अनामिक डोनर, बँकेतला ओपन डोनर (आत्ता नाव नाही, पण मूल सज्ञान झालं की मागू शकतं), ओळखीतला कोणी, आणि नेटवर भेटलेला. पण चारही सगळीकडे खुले नसतात, तुम्ही ट्रीटमेंट कुठे घेताय त्यावर दोन-तीन आपोआप बाद होतात, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो कारण मैत्रीण एका देशात असते, तिचा अनुभव तिथला असतो, आणि आपण तो जसाच्या तसा स्वतःला लावतो.

अनामिकपासून सुरू करते. लोकांना तो सगळ्यात सोपा वाटतो, कोण ते माहीत नाही, उद्या दारात येणार नाही, संपलं. कायद्याचा वारा मात्र उलट वाहतोय. स्वीडनने १९८५ मध्येच मुलांना डोनरची ओळख मागायचा हक्क दिला, जगात पहिल्यांदा. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदणी झालेला डोनर अनामिक राहूच शकत नाही, आणि त्या नियमाखाली जन्मलेली पहिली मुलं २०२३ च्या अखेरीस १८ ची झाली, म्हणजे हे आता नुसतं कागदावर नाही. जर्मनीने २०१८ मध्ये डोनरचं केंद्रीय रजिस्टर सुरू केलं. अमेरिकेत कोलोराडो राज्याचा असाच, अनामिक डोनर बंद करणारा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. दुसऱ्या टोकाला स्पेन, तिथे कायद्यानेच डोनर अनामिक असतो, तुम्हाला ओपन हवा असला तरी मिळत नाही. आणि डेन्मार्कमध्ये दोन्ही मिळतात, त्यामुळे जगभरचे लोक तिथून मागवतात.

आता खरी मेख. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ मार्च २०१७ पासून जुन्या डोनरांची ओळखसुद्धा खुली केली, म्हणजे ज्यांना कित्येक वर्षांपूर्वी गुप्ततेचा शब्द दिला होता त्यांचीही, डोनरची संमती असो नसो (संपर्क नको असं तो सांगू शकतो, पण नाव दडवू शकत नाही). एका सरकारने दिलेला शब्द दुसऱ्याने बदलला. आणि कायदा नाही बदलला तरी घरबसल्या करायच्या डीएनए टेस्ट आहेतच, डोनरने स्वतः कधी थुंकी पाठवलेली नसली तरी त्याच्या एखाद्या चुलत बहिणीने पाठवली की धागा लागतो. त्यामुळे "अनामिक" ह्या शब्दाचा अर्थ मी तरी आता एवढाच घेते की आज तुम्हाला नाव सांगत नाहीत.

ओपन डोनरमध्ये हे आधीच मान्य केलेलं असतं, तो माणूस सही करतानाच जाणतो की पुढे कधीतरी कोणी विचारायला येईल. मला हा पर्याय सगळ्यात बरा वाटतो, उगाच सस्पेन्स नाही. तोटा म्हणजे निवड कमी होते, आणि "ओपन" म्हणजे बाप मिळाला असं अजिबात नाही, नाव आणि शेवटचा माहीत असलेला पत्ता मिळतो, तो भेटेल, बोलेल ह्याची हमी कोणी देत नाही.

भारतात हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सुटलाय, म्हणजे सुटलाय की बंद केलाय ते तुम्ही ठरवा. २०२१ चा एआरटी कायदा (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा) म्हणतो की डोनर नोंदणीकृत बँकेतूनच यायचा, वय २१ ते ५५, ओळख गुप्त, आणि एका डोनरचं स्पर्म एकापेक्षा जास्त जोडप्यांना द्यायचं नाही. एकटी बाई ट्रीटमेंट घेऊ शकते, लग्न झालेलं जोडपं घेऊ शकतं, पण लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं ह्यात बसत नाही. आणि डोनर बँकेतूनच यायचा म्हटल्यावर दीर किंवा जवळचा मित्र डोनर म्हणून आणायचा विचार असेल तर तो क्लिनिकच्या दारातच थांबतो.

जिथे ओळखीतला चालतो तिथे त्याची मजा आणि त्याचाच ताप. मजा म्हणजे मुलाला सांगायला माणूस आहे, गोष्ट आहे, आजोबांना मधुमेह होता का हे फोन करून विचारता येतं. ताप कायद्याचा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाने एका ओळखीतल्या डोनरला कायदेशीर बाप मानलं, जन्मदाखल्यावर नाव होतं, मुलीच्या आयुष्यात तो होता, आणि त्यामुळे आईला मुलीला घेऊन न्यूझीलंडला जाता आलं नाही. चूक कोणाची म्हणू, दोघंही आपल्या जागी बरोबर होते, फक्त सुरुवातीला जे गृहीत धरलं ते दोघांचं वेगळं होतं. ब्रिटनमध्ये लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप नसताना घरच्या घरी इन्सेमिनेशन (स्पर्म आत सोडणं) केलं तर डोनर कायद्याने बाप ठरतो, तेच लायसन्स असलेल्या क्लिनिकमधून केलं की नाही ठरत. तोच माणूस, तेच स्पर्म, फक्त जागा बदलली! म्हणून ओळखीतला घ्यायचा तर क्लिनिकमधूनच, त्यात स्पर्म फ्रीझ करून साधारण सहा महिने क्वारंटाइन, मग डोनरची परत एचआयव्ही वगैरे टेस्ट असा वेळ बऱ्याच ठिकाणी जातो, तुमचं वय चाळिशीकडे असेल तर हे सहा महिने जड जातात हे खरंय. आणि त्याची बायको असेल तर तिच्याशी आधी बोला, तोंडदेखलं नको, नीट.

नेटवर भेटलेला डोनर... लोक का जातात ते कळतं, बँक परवडत नाही किंवा तिथला कायदा दारात उभं करत नाही. पण इथे दोन्ही प्रश्नांची उत्तरं सगळ्यात वाईट. अमेरिकेत कॅन्ससमध्ये जाहिरात बघून एका जोडप्याला मदत करणाऱ्याला २०१४ मध्ये कोर्टाने बाप ठरवलं, पोटगीसकट, कारण मध्ये डॉक्टर नव्हता, लेखी करार असूनसुद्धा (पुढे निकाल फिरला, पण तोवर वर्षं गेली). नेदरलँड्समध्ये २०२३ ला कोर्टाने एका डोनरला थांबवलं, त्याची किमान ५५० मुलं झाली होती, आणि पालकांना तो आकडा कमी सांगत होता. नेटवरच्या डोनरच्या तपासण्यांचे कागद तो स्वतःच पाठवतो, खरे की खोटे तुम्ही कसं ठरवणार. आणि जो "नैसर्गिक पद्धतीनेच" असा हट्ट धरतो त्याला तिथेच ब्लॉक करा, चर्चा नको.

बँक म्हणजे सगळं सेफ असंही नाही हां. ब्रिटनची मर्यादा एका डोनरमागे १० कुटुंबं, डेन्मार्कची १२, पण ही त्या त्या देशापुरती, बाहेर पाठवलेल्या व्हायल (स्पर्मच्या कुप्या) वेगळ्या. २०२५ मध्ये युरोपातलं एक प्रकरण बाहेर आलं, एका डोनरच्या स्पर्ममधून किमान १९७ मुलं, चौदा देशांतल्या क्लिनिकांतून, आणि त्याच्या काही शुक्राणूंमध्ये टीपी५३ जीनचा दोष, ज्यामुळे काही मुलांना कॅन्सर झाला. नेहमीच्या स्क्रीनिंगमध्ये तो दोष दिसणारा नव्हताच. म्हणून बँकेला विचारायचं, तुमची जगभरची मर्यादा किती, आणि आजाराची बातमी आली तर जुन्या पालकांना कळवता का. लेखी उत्तर देत नसतील तर मी पुढची बँक बघते. शिवाय तुमचं आणि डोनरचं कॅरिअर स्क्रीनिंग जुळवून घ्या, थॅलेसेमिया, सिस्टिक फायब्रोसिस, दोघंही एकाच आजाराचे वाहक नकोत. सीएमव्ही ह्या विषाणूचं स्टेटस डॉक्टर सांगतील. आययूआय (स्पर्म थेट गर्भाशयात सोडणं) करणार असाल तर धुतलेली, म्हणजे वीर्यातून शुक्राणू वेगळे काढलेली व्हायल मागवा, नाहीतर लॅबला ती धुवावी लागते आणि त्यात काही शुक्राणू कमी होतातच.

एक गोष्ट बहुतेक जण पहिल्या बाळाच्या नादात विसरतात, दुसरं. त्याच डोनरचं भावंड हवं असेल तर व्हायल आत्ताच ठेवाव्या लागतात, आणि ठेवल्या तरी कायदा मध्ये येऊ शकतो. फ्रान्सने सप्टेंबर २०२२ पासून नवीन डोनरांना ओळख द्यायला बांधून घेतलं आणि ३१ मार्च २०२५ पासून जुन्या अनामिक डोनरांचा साठा वापरणंच बंद केलं. आमच्या क्लिनिकच्या स्टोरेज करारात ह्यावर एक ओळही नव्हती, "नियम बदलल्यास शिल्लक व्हायलचं काय" असा प्रश्न टाकला तर रिसेप्शनवरची मुलगी आत जाऊन वीस मिनिटांनी परत आली, म्हणाली ईमेल करा.