कॅम्पातल्या बेकरीचा नाताळचा केक: रमचा आणि बिनरमचा

बेळगावच्या कॅम्प भागातील एका जुन्या कॅथलिक कुटुंबाच्या बेकरीविषयी हे लिहीत आहे. तेथे रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक आणि संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मेव्याचा केक वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात, दोन्हींसाठी सुऱ्याही वेगळ्या वापरतात, आणि गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच कोणता कशाचा हे सांगून टाकतात.

ज्यांना हे फाजील सोवळे वाटेल, त्यांनी या गावातील मराठी ख्रिस्ती घरे पाहिलेली नसावीत. 1820 मध्ये येथे लंडन मिशनचे काम सुरू झाले, पुढे ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे आले, आणि दारूला न शिवण्याची शिस्त आमच्यात इतकी मुरली की प्रभुभोजनातही, म्हणजे चर्चमधील भाकर-द्राक्षरसाच्या विधीतही, न आंबवलेला द्राक्षरसच असतो. अशा घरातल्या माणसाच्या हातात केकचा तुकडा आला की आनंदाआधी शंका येते. दुसऱ्या एका दुकानात विचारले, तेव्हा "अहो, भाजताना सगळी उडून जाते," असे उत्तर मिळाले. तसे होत नाही. तासभर भाजल्यावरही मद्याचा काही अंश उरतो, आणि भाजून झाल्यावर वरून रम शिंपडली असेल तर ती उडण्याचा प्रश्नच येत नाही.

बायबलातील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. मात्र मनात संशय ठेवून खाणे तो चुकीचेच ठरवतो. या बेकरीने तो संशयच ठेवला नाही, म्हणून माझ्या आत्याबाई तेथला केक निर्धास्तपणे, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्यांदा मागून, खातात.

सणात गोडधोड खाणेच ऐहिक, असे मानणारेही आमच्यात आहेत. त्यांना मी बायबलातील नहेम्याच्या पुस्तकाचा 8वा अध्याय दाखवतो: नियमशास्त्र ऐकून रडू लागलेल्या लोकांना तेथे रडू नका, मिष्टान्न खा, गोड प्या आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा, असे सांगितले आहे. दिवाळीचा फराळ ज्या घरांतून आमच्याकडे येतो, त्या घरी नाताळात आमचे ताट जाते, तेव्हा यातले शेवटचे वाक्य आम्ही नकळत पाळतोच.

आता चवीविषयी. बिनरमच्या केकला जळवलेल्या साखरेचा गडद रंग असतो, लवंग बेताची असते, आणि संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा गोडी तोलून धरतो. टुटी-फ्रुटी मात्र अकारण फार आहे. रमचा केक मी चाखत नाही. मेहुण्यांच्या मते तो अधिक ओलसर असतो. नेवऱ्यांचे, म्हणजे नाताळच्या करंज्यांचे, सारण कोरडे वाटले, त्या घरीच केलेल्या बऱ्या.

घरी कालवलेले मिश्रण नेले तर तेही भट्टीत भाजून देतात. डब्यावर नावाची चिठ्ठी ओल्या पिठानेच चिकटवतात, आणि भाजल्यावर ती करपून नाव वाचता येत नाही. त्यामुळे डब्याच्या बुडाला आधीच खिळ्याने खूण करून न्यावी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी रांग दाराबाहेर जाते, तेव्हा ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी आणि खोका पातळ असल्यामुळे घरून पिशवी न्यावी.