मोडलेल्या पायाला आधार : सॅम स्प्लिंट की कॅरीमॅट?

तोरण्यावर किंवा राजगडाच्या चोरवाटेवर घसरून नडगी मोडली, तर जखमीला गडाखाली आणायला तासन्‌तास लागतात. तोवर हाड हलू न देणं महत्त्वाचं.

सॅम स्प्लिंट म्हणजे फोममध्ये बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, लांबी 36 इंच. सपाट असताना तो लिबलिबीत असतो. लांबीच्या दिशेने पन्हळीसारखा बाक दिला की ताठ होतो. नवखे हा बाकच विसरतात आणि पट्टी बांधूनही पाय हलत राहतो. आकार आधी धडधाकट पायावर घ्या. घोट्याला टाचेखालून इंग्रजी यू सारखा लावला की याला तोड नाही. नडगीला मात्र एकटा अपुरा पडतो, कारण गुडघा आणि घोटा दोन्ही जखडायला हवेत.

तिथे कॅरीमॅट, म्हणजे झोपताना अंथरायची फोमची गुंडाळी, सरस. मांडीच्या मध्यापासून टाचेपुढे येईल अशी कापा, दोन्ही बाजूंना ट्रेकिंग पोल गुंडाळा, गुडघ्यामागच्या खळग्यात मोजे भरा आणि चार-पाच ठिकाणी रुंद पट्ट्यांनी बांधा. गाठ मोडलेल्या जागेवर कधीच नको. अरुंद दोरी तर नकोच, ती मांसात रुतते.

दोन्हींत बांधण्याआधी आणि नंतर पावलाची नाडी, बोटांची संवेदना व हालचाल तपासा. पुढे दर 15 मिनिटांनी. सूज वाढली की पट्टी आपोआप आवळते. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करा.

ट्रेकला निघताना सॅकमध्ये एकच ठेवायचं असेल, तर आम्ही कॅरीमॅट सुचवू : पावसात भिजलेल्या जखमीला थंड कातळापासून वाचवायलाही तीच लागते.