‘डोळ्यांना सवय होईल’ म्हणत गळ्यात मारलेला लॅपटॉप

फोटोंचं काम करणाऱ्यांनी आणि तासन्‌तास स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी रिफर्बिश्ड (वापरलेला, ठीकठाक करून पुन्हा विकायला काढलेला) लॅपटॉप घेण्याआधी हे जरूर वाचा. मला विकलेल्या लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘१०० टक्के एसआरजीबी, फ्लिकर-फ्री डिस्प्ले’ असं स्पष्ट लिहिलं होतं. एसआरजीबी म्हणजे स्क्रीनवरच्या रंगांचा प्रचलित मापदंड, फ्लिकर-फ्री म्हणजे न लुकलुकणारा. प्रत्यक्षात मूळ पॅनल, म्हणजे खुद्द स्क्रीनच, काढून स्वस्तातला बसवला होता.

माझ्या जुन्या मॉनिटरवरचा ठसठशीत लाल इथे विटकरी दिसायचा, चेहरे निस्तेज. रात्री ब्राइटनेस उतरवला की डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ‘दोन स्क्रीनचे रंग कधीच जुळत नाहीत, सवय होईल.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ही थाप खपते. एकाच मॉडेलच्या दोन स्क्रीनमध्येही फरक असतो, पण तो कॅलिब्रेशनने, म्हणजे रंग मोजून जुळवून घेतल्याने, बराच आटोक्यात येतो. पॅनलला जे रंग दाखवताच येत नाहीत, ते कुठलंही कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे हे सांगणारी फाइल) आणून देऊ शकत नाही. तरी त्याने आधी कलर प्रोफाइलची फाइल पाठवली, मग निळा प्रकाश अडवणारा चष्मा विकला. या चालढकलीत परत करण्याची मुदत उलटली. असल्या चष्म्यांनी डोळ्यांवरचा ताण कमी होतो, असा भक्कम पुरावा वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही मिळाला नाही.

खरं काय ते पॅनल नंबरवरून कळलं. हार्डवेअरची माहिती देणारं मोफत सॉफ्टवेअर हा नंबर दाखवतं. त्या नंबरच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) ४५ टक्के एनटीएससी असं होतं. एनटीएससी हा रंगांचाच दुसरा, जुना मापदंड. पूर्ण एसआरजीबीला हा आकडा साधारण ७२ लागतो. शिवाय पॅनल ६ बिटचा, म्हणजे मूळचे रंग २ लाख ६२ हजार. ८ बिटमध्ये ते १ कोटी ६७ लाख असतात.

मग ब्राइटनेस कमी ठेवून, फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनकडे पाहिलं, तर आडवे काळे पट्टे! ब्राइटनेस पूर्ण केला की पट्टे गायब. उजेड कमी दाखवण्यासाठी बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) भराभर बंद-चालू केला जात होता. हा त्रास सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना फार होतो.

पैसे देण्याआधी पॅनल नंबरचा फोटो मागा आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या. लॅपटॉप आला की त्याच दिवशी ताडून बघा, पट्टे तपासा. फरक दिसला तर फोनवर बोलत न बसता लेखी तक्रार करा; विक्रेता ‘अजून थोडं वापरून बघा’ म्हणाला तरी मुदत थांबत नाही.