दोन टीबीच्या डबीत निघालं मेमरी कार्ड

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप स्वस्तात मिळालेल्या ‘भरपूर जागेच्या’ ड्राइव्हवर ठेवत असाल, तर ती ड्राइव्ह आजच तपासून घ्या. ड्राइव्ह पडून फुटते, जुनी होऊन बंद पडते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मुळातच खोटी ड्राइव्ह विकली जाते आणि ती महिनोन्‌महिने खऱ्यासारखी वागत राहते, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. विकणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो.

आमची २ टीबीची पोर्टेबल एसएसडी ऑनलाइन घेतलेली होती. धातूची डबी, सोबत टाइप-सी केबल, दिसायला झकास. किंमत मात्र नामांकित कंपन्यांच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी कमी, आणि खाली कौतुकाचे ढीगभर अभिप्राय. जोडली की कॉम्प्युटरवर २ टीबी दिसायचं. फोटो, व्हिडिओ, वडिलांची स्कॅन केलेली कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली असं सगळं तिच्यावर गेलं. कॉपी होताना एकदाही एरर आला नाही. मी मधले दोन-चार फोटो उघडूनही पाहिले होते, ते व्यवस्थित उघडले.

पुढे घरात व्हायरस शिरला. भाच्याने व्हिडिओ एडिटिंगचं एक विकतचं सॉफ्टवेअर कुठूनतरी ‘फुकट’ उतरवलं. झिप फाइलला पासवर्ड होता आणि सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.’ अशा झिपला पासवर्ड घालतात तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून, हे इथे सांगून ठेवते. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं विचित्र शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी पडली होती: ७२ तासांत संपर्क केलात तर निम्म्या रकमेत सोडवू. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, ही नेहमीची चिठ्ठी. घरगुती कॉम्प्युटरांना ग्रासणारी ही व्हायरसची जात बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, सॉफ्टवेअरमधूनच येते.

मी घाबरले नव्हते. ड्राइव्ह कपाटात होती, कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती, म्हणजे व्हायरस तिच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. विंडोज पुसून नव्याने टाकली, ड्राइव्ह जोडली. फोल्डर जागच्या जागी. फाइलींची नावं, तारखा, आकार सगळं बरोबर. सर्वांत आधी कॉपी केलेले फोटो झटक्यात उघडले. त्यानंतरच्या फोल्डरमधला एकही फोटो उघडेना. पाच एमबीची फाइल पाच एमबीचीच दिसते, पण आत नुसती शून्यं.

शेवटी डबीच्या कडेत स्क्रू-ड्रायव्हर घालून झाकण उचकटलं. आत वजन वाटावं म्हणून चिकटवलेली लोखंडाची पट्टी, एक बोटभर सर्किट आणि त्यावर गोंदाने बसवलेलं मायक्रो एसडी कार्ड. मोबाइलमध्ये घालतात तेच, ६४ जीबीचं.

यातली चलाखी अशी. ड्राइव्ह जोडली की कॉम्प्युटर तिला विचारतो, तुझ्यात जागा किती? उत्तर देते ती आतली कंट्रोलर चिप, आणि तिच्यात खोटा आकडा भरून ठेवलेला असतो. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा चिप स्वीकारल्यासारखं दाखवते आणि टाकून देते. काही ड्राइव्ह तर फिरून सुरुवातीला येतात आणि आधीच्या फाइलींवरच लिहीत सुटतात. फाइलींच्या नावांची यादी साधारणपणे सुरुवातीच्या भागात राहते, म्हणून नावं शाबूत दिसतात. कॉपी करताना विंडोज लिहिलेलं परत वाचून ताडत नाही, त्यामुळे एररही येत नाही. आणि नुकती कॉपी केलेली फाइल लगेच उघडली, तर ती कधीकधी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या मेमरीतूनच उघडते.

ते कौतुकाचे अभिप्रायही सगळेच विकत घेतलेले असतील असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी लोक थोड्या फाइली टाकून बघतात, त्या नीट चालतात, लोक पाच तारे देतात. ड्राइव्ह भरत येईपर्यंत परत करायची मुदत उलटून गेलेली असते. तक्रार उशिरा यावी अशीच या मालाची घडण आहे.

ओळखायचं कसं? आधी एक साधं गणित. खरी २ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये १.८१ टीबीच्या आसपास दिसते, १ टीबीची ९३१ जीबी. ही फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच. विंडोजमध्ये पूर्ण ‘२.०० टीबी’ दिसली तर उलट शंका घ्यावी, पण आकडा बरोबर दिसला म्हणजे ड्राइव्ह खरी असं मुळीच नाही. खरी परीक्षा म्हणजे ती काठोकाठ भरून परत वाचणं. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स-मॅकवर ‘एफ३’ हे फुकट प्रोग्रॅम नेमकं हेच करतात: एकेक जीबीच्या फाइली लिहितात, मग वाचून ताडतात. मोठ्या ड्राइव्हला तासन्‌तास लागतात, रात्रभर चालू ठेवा. आपला डेटा टाकण्याआधी, रिकाम्या ड्राइव्हवरच हे करा.

आता आमच्याकडे दोन प्रती आहेत. एक ओळखीच्या कंपनीची हार्ड डिस्क, तपासून घेतलेली, काम झालं की काढून ठेवलेली. दुसरी क्लाउडवर, पण जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सेवेत. नुसतं सिंक, म्हणजे कॉम्प्युटरवरचा बदल जसाच्या तसा वर नेणं, असेल तर व्हायरसने बिघडवलेल्या फाइलीही इमानाने वर जाऊन बसतात. मधूनमधून अगदी अलीकडच्या फोल्डरमधल्या फाइली मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघते.

गेलेल्या फोटोंसाठी शोधाशोध करताना आणखी एक टोळी भेटते. ‘कुठलाही रॅन्समवेअर उलगडून देतो, आधी पैसे भरा,’ म्हणणारी. त्यांच्या नादी लागू नका. डच पोलीस, युरोपोल आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला, तिथे उलगडण्याची साधनं फुकट मिळतात. आमच्या फाइलींची किल्ली तिथे नव्हती. तरी त्या लॉक झालेल्या फाइलींची एक प्रत मी ठेवली आहे, कारण किल्ल्या कधीकधी नंतर हाती लागतात. खोट्या ड्राइव्हवरून मात्र काही परत येत नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते कोणतं रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधणार?

तक्रार करताना ‘ड्राइव्ह चालत नाही’ एवढंच लिहू नका. विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर येतं: फॉरमॅट करून बघा. फॉरमॅट केल्यावर ती पुन्हा रिकामी, पुन्हा २ टीबीची आणि पुन्हा चालू दिसते, म्हणजे तुमची तक्रारच खोटी ठरते. त्याआधी उघडत नसलेल्या फाइलींचे स्क्रीनशॉट घ्या, वाचता येतंय ते सगळं दुसरीकडे कॉपी करा. मगच ती रिकामी करून एच२टेस्टडब्ल्यू चालवा, त्याचा अहवाल जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा. डबी उघडायची असेल तर तीही या सगळ्यानंतर, फोटो काढत काढत.